फोटोखालचं नाव

नायगावच्या बीडीडी चाळींच्या पुनर्विकासाचं भूमिपूजन एप्रिल २०१७ मध्ये झालं. त्यानंतर या चाळींचे फोटो समाजमाध्यमांवर वरचेवर दिसू लागले. झिजलेल्या पायऱ्यांचा जिना, मधल्या बोळातली चपलांची रांग, सामाईक नळ, दारावरचं निळं तोरण, गणपतीचा मंडप. काढणारे बहुतेक जण तिथंच जन्मलेले आणि वाढलेले. कुणी बँकेत आहे, कुणी पोलिसात, कुणी कुरिअर कंपनीत. छायाचित्रण हा त्यांचा धंदा नाही, हौस आहे. फोटो टाकला की डोंबिवली, विरार, पनवेलला गेलेले जुने शेजारी गोळा होतात, खोली नंबर सांगतात, कोण कुठं राहत होतं ते आठवतात.

याला कुणी जुन्या आठवणींचा उमाळा म्हणेल. मला मात्र त्यात मुंबईचा एक जुना प्रश्न दिसतो. हौशी माणूस फोटो काढतो, चार लोकांना दाखवतो. पण बघणारा कोण असतो, आणि फोटोतल्या माणसाची ओळख कोण लिहितं? या शहरात हा प्रश्न पावणेदोनशे वर्षांचा होत आला आहे. त्याचा इतिहास आपण मराठी मुसलमानांनीही वाचायला हवा, कारण त्यात आपणही आहोत.

हौस आणि तसबीर

सुरुवात शब्दांपासून करू. मराठीतला 'हौस' हा शब्द अरबी 'हवस'वरून फारसीमार्गे आपल्याकडे आला. उर्दूत 'हवस' म्हणजे हाव, वासना. शब्दाला वाईट वास लागला. मराठीत तोच शब्द सणासुदीचा, प्रेमाचा झाला. 'तसबीर'सुद्धा तिकडचीच, मूळ 'तस्वीर'. म्हणजे 'हौसेनं तसबीर काढली' हे वाक्य अगदी घरगुती मराठी आहे, आणि त्यातले दोन महत्त्वाचे शब्द अरबस्तानातून चालत आलेले आहेत.

१८३९ मध्ये पॅरिसला दागेरच्या शोधाची घोषणा झाली आणि ती बातमी त्याच वर्षी मुंबईच्या इंग्रजी वृत्तपत्रापर्यंत पोचली. ऑक्टोबर १८५४ मध्ये इथं 'फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे' स्थापन झाली. कलकत्ता आणि मद्रासला अशा संस्था निघायला १८५६ उजाडलं. हिंदुस्थानात हौशी छायाचित्रकारांची पहिली संघटना मुंबईची. सभासदांत लष्करी अधिकारी, सरकारी नोकर, डॉक्टर. बहुतेक गोरे, पण सगळे नव्हेत. डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे धाकटे बंधू डॉ. नारायण दाजी हेही त्यात होते. नारायण दाजी ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकलेले डॉक्टर. त्यांनी काढलेली इथल्या लोकांची छायाचित्रं सोसायटीच्या प्रदर्शनात मांडली गेली. १८५५ मध्ये एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्ग सुरू झाला. त्या वर्गातून हरिश्चंद्र चिंतामण पुढे आले आणि त्यांनी मुंबईत स्वतःचा स्टुडिओ चालवला.

ही हौस स्वस्त नव्हती आणि सोपीही नव्हती. काचेवर कलोडियनचा चिकट थर द्यायचा, ती चांदीच्या क्षाराच्या द्रावणात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची आणि सुकायच्या आत अंधाऱ्या खोलीत किंवा तंबूत नेऊन धुवायची. मुंबईच्या उन्हाळ्यात त्यासाठी दहा मिनिटंही मिळणं मुश्कील. मग अंड्याचा पांढरा बलक लावलेल्या कागदावर उन्हात ठसा घ्यायचा. एक प्रत हवी असो की शंभर, प्रत्येक प्रत अशी उन्हात ठेवूनच निघे. कॅमेऱ्यासमोरच्या माणसाला काही सेकंद श्वास रोखून बसावं लागे. जुन्या फोटोतले लोक इतके गंभीर का दिसतात, याचं एक कारण हे आहे.

फोटो काढून झाला की पुढची भूक लागते, कुणी तरी बघावं ही. त्यासाठी मुंबईतच एक मासिक निघालं. विल्यम जॉन्सन आणि विल्यम हेंडरसन यांनी डिसेंबर १८५६ पासून सोसायटीच्या आश्रयाखाली 'द इंडियन अमॅच्युअर्स फोटोग्राफिक अल्बम' सुरू केला. जॉन्सन मूळचे मुंबई सरकारच्या नोकरीतले. मासिकाच्या दरेक अंकात तीन छायाचित्रं आणि सोबत छापील मजकूर. १८५८ पर्यंत असे २४ अंक निघाले. फोटो छापण्याचं यंत्र तेव्हा नव्हतं, त्यामुळे खरे ठसे काढून अंकात चिकटवावे लागत. शंभर वर्गणीदार असते तर एका अंकासाठी तीनशे ठसे उन्हात काढायचे. नावात 'अमॅच्युअर' म्हणजे 'हौशी' हा शब्द होता. आज आपण महिन्याला तीन फोटो नेटवर टाकावेत तसाच तो प्रकार, फक्त बोटाच्या एका टिचकीऐवजी महिनाभराची मेहनत.

कात्रीनं कापलेली माणसं

त्या अंकांत मुंबईच्या इमारती होत्या, देखावे होते, आणि माणसं होती. माणसांच्या मालिकेचा विषय होता पश्चिम हिंदुस्थानातले पोशाख आणि नमुने. 'नमुने' हाच त्यातला मुद्दा. फोटोखाली जात लिहिलेली, धंदा लिहिलेला, धर्म लिहिलेला. माणसाचं नाव क्वचितच.

जॉन्सननी यातून पुढे मोठा ग्रंथ केला. 'द ओरिएंटल रेसेस अँड ट्राइब्ज, रेसिडेंट्स अँड व्हिजिटर्स ऑफ बॉम्बे' या नावाचे त्याचे दोन खंड १८६३ आणि १८६६ मध्ये लंडनला निघाले. मुंबईत राहणाऱ्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्या जातीजमाती त्यात ओळीनं मांडल्या आहेत. त्यातली गंमत तंत्राची आहे. माणसांचे फोटो एकीकडे काढलेले, मागचा देखावा भलतीकडचा. आकृती कापून दुसऱ्या दृश्यावर बसवायची आणि दोन्हीचा मिळून एक फोटो करायचा. बघणाऱ्याला वाटावं, ही मंडळी याच देवळासमोर, याच रस्त्यावर उभी होती. ती तिथं कधी उभीच राहिली नव्हती.

हे काही फसवणुकीच्या हेतूनं केलं, असं मी म्हणत नाही. त्या काळात उघड्यावर चांगला फोटो मिळणं अवघड होतं, आणि चित्र पुरं दिसावं ही कलावंताची इच्छा असते. पण परिणाम पाहा. माणसाचं नाव गेलं, जागा गेली, बरोबरची माणसं गेली. उरला तो 'नमुना', आणि नमुन्याखाली हवं ते लिहिता येतं. तो ज्यांच्यासाठी छापला ते वाचक समुद्रापलीकडे होते. फोटोतल्या माणसापर्यंत तो ग्रंथ कधी पोचण्याचा संभव नव्हता, त्यामुळे 'हे मी नव्हे' असं म्हणायला कुणी येणारही नव्हतं.

सर सय्यद यांचा मुलगा लाजला

एकदा मात्र कुणी तरी आलं. १८६८ ते १८७५ या काळात इंग्रज सरकारनं 'द पीपल ऑफ इंडिया' हा आठ खंडांचा अल्बम काढला. १८५७ नंतर 'हे लोक आहेत तरी कोण' हे सरकारला जाणून घ्यायचं होतं. जॉन्सननी मुंबईपुरतं केलं ते इथं अवघ्या देशासाठी केलेलं होतं.

सर सय्यद अहमद खान १८६९ मध्ये मुंबईहून बोटीनं लंडनला गेले. मुलगा सय्यद महमूद शिकायला निघाला होता, तो बरोबर होता. लंडनच्या इंडिया ऑफिसात त्यांनी हा अल्बम पाहिला. पाहून ते इतके अस्वस्थ झाले की त्यांनी त्याबद्दल मायदेशी पत्र लिहिलं. हिंदुस्थानात नोकरीला जाणारे तरुण इंग्रज हा अल्बम चाळतात आणि त्यातून आपल्याबद्दल काय मत बनवत असतील, ही त्यांची खंत होती. महमूद तो अल्बम पाहत असताना एका इंग्रज तरुणानं त्याला विचारलं की तू हिंदुस्थानी आहेस का. महमूद हो म्हणाला, त्याचा चेहरा उतरला, आणि त्यानं घाईनं खुलासा केला की आपण तिथले मूळनिवासी नव्हे, आपले पूर्वज दुसऱ्या मुलखातून आलेले.

हा प्रसंग अनेकदा सांगितला जातो, बहुधा साम्राज्याच्या कॅमेऱ्याविरुद्धचा पुरावा म्हणून. तो पुरावा आहेच. पण मराठी मुसलमानानं तो जरा थांबून वाचावा. महमूदला अपमान कशाचा वाटला? अल्बम खोटा होता याचा, की अल्बमातल्या लोकांत आपली गणती झाली याचा? त्याच्या उत्तरात दुसरीच गोष्ट ऐकू येते. फोटोतली माणसं तशी असतील, मी त्यांतला नाही, असा त्याचा सूर आहे. हे अशरफ घराण्याचं उत्तर झालं. आपल्यातल्या किती जणांना ते देता येईल? महाराष्ट्रातला मुसलमान म्हणजे बहुसंख्येनं पिंजारी, बागवान, तांबोळी, मोमीन, कसाई, मणियार, फकीर, छप्परबंद. कुठल्या मुलखातून आलो असं सांगायला आपल्याकडे दुसरा मुलूख नाही. आपण त्या अल्बमातलेच लोक आहोत. आपलं उत्तर वेगळं असायला हवं होतं: होय, हे आमचेच, आणि यांना नावं आहेत.

कॅमेरा खाली उतरतो

ते उत्तर द्यायचं तर कॅमेरा आपल्या हातात हवा. तो यायला शंभरेक वर्षं लागली. १८८८ मध्ये कोडॅकचा डबा कॅमेरा आला आणि रसायनांची झंझट गेली. १९०० मध्ये एका डॉलरचा ब्राउनी आला. आपल्याकडे मात्र सामान्य माणसाचा फोटोशी संबंध आधी स्टुडिओत आला. परळ-लालबागच्या गिरण्यांत राबणारा कोकणातला किंवा घाटावरचा माणूस स्टुडिओत जायचा, इस्त्रीचे कपडे घालायचा, रंगवलेल्या पडद्यापुढे हात खुर्चीच्या पाठीवर ठेवून उभा राहायचा आणि तो फोटो गावी पाठवायचा. इथंही मागचा देखावा खोटाच होता. फरक एवढाच की तो त्यानं स्वतः निवडला होता, आणि पाकिटातून फोटो बाहेर काढणाऱ्या आईला तो कोण आहे हे सांगावं लागत नव्हतं.

मुस्लिम घरांत फोटोबद्दल संकोच होता. तसबीर जायज की नाजायज यावर उलेमांची मतं वेगवेगळी होती, आणि त्यातून बायकांचे फोटो फारच कमी निघाले. कित्येक घरांत आजीचा एकमेव फोटो सापडतो तो हजच्या पासपोर्टसाठी काढलेला. तिच्या वयाच्या साठ वर्षांतलं दुसरं एकही दृश्य घरात नसतं.

नाव कुणाचं छापायचं, हा प्रश्न फोटोतल्या माणसापुरता नव्हता. होमाई व्यारावाला जे. जे. स्कूलच्या विद्यार्थिनी. १९३० च्या दशकाच्या अखेरीस त्यांचे फोटो मुंबईच्या वृत्तपत्रांत येऊ लागले, पण सुरुवातीला ते पती माणेकशा यांच्या नावानं छापले जात. पुढे त्या देशातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार म्हणून ओळखल्या गेल्या आणि २०११ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळालं. फोटो तेच, डोळा तोच. नाव मिळायला वेळ लागला.

स्वातंत्र्यानंतर ॲग्फाचा क्लिक थ्री मध्यमवर्गाच्या घरात आला. एका रोळात बारा फोटो, म्हणून दरेक वेळी बटण दाबताना विचार करायचा. १९८० च्या दशकात हॉटशॉट आला. तरीही गिरणगावातल्या बहुतेक घरांत कॅमेरा पोचला नव्हता. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. त्या संपाचे फोटो उपलब्ध आहेत: मोर्चे, सभा, बंद फाटकं. पण त्यांतल्या गर्दीच्या ओळखीला बहुधा 'संपकरी कामगार' एवढंच लिहिलेलं असतं. जॉन्सनच्या काळात जात लिहीत, आता वर्ग लिहिला. सहानुभूती आली होती, नाव अजून आलं नव्हतं.

एकशे साठ चौरस फूट

आता पुन्हा नायगावात येऊ. गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या काळात १९२० मध्ये बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट निघालं. त्याच्या आद्याक्षरांवरून या चाळी 'बीडीडी'. वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी मिळून २०७ चाळी, त्यांतल्या ४२ नायगावच्या. तळमजला अधिक तीन मजले, दरेक मजल्यावर मधोमध बोळ, दोन्ही बाजूंना दहा-दहा खोल्या. चाळीत साधारण ऐंशी खोल्या, एक खोली १६० चौरस फुटांची, संडास सामाईक. गिरणी कामगार, गोदी आणि रेल्वेचे कामगार, पालिकेचे सफाई कामगार, पोलीस अशी वस्ती. त्यात दलितांची संख्या मोठी. याच नायगाव-दादर भागात मे १९३६ च्या अखेरीस मुंबई इलाखा महार परिषद भरली आणि बाबासाहेबांनी 'मुक्ती कोन पथे?' हे भाषण केलं. इतिहासात एवढं मोठं स्थान असलेली ही वस्ती आहे.

इथं फोटो काढणं कसं असतं हे बाहेरच्या माणसाला चटकन कळत नाही. खोलीत मागं सरकायला जागा नसते. पाच जणांचं कुटुंब एका चौकटीत घ्यायचं तर फोटो काढणाऱ्याला बोळात उभं राहावं लागतं. बोळात उजेड फक्त दोन टोकांनी येतो, म्हणून मध्ये उभा असलेला माणूस काळी आकृती होतो. बाहेरून आलेल्या छायाचित्रकाराला हीच काळी आकृती आवडते. त्याला त्यात 'मुंबईची दाटी' दिसते. चाळीतला हौशी मुलगा मात्र काकूंना दारापाशी उभं करतो, खोलीतला दिवा लावतो, म्हणजे चेहरा उजळतो. त्याला दाटी दाखवायची नसते, काकू दाखवायच्या असतात. दोघांच्या हातात मोबाइल एकच असेल, फोटो एक होत नाही.

आणि त्याचा प्रेक्षकही वेगळा असतो. १८५६ च्या अल्बमचा वर्गणीदार फोटोतल्या माणसाला ओळखत नव्हता. नायगावच्या फोटोचा पहिला प्रेक्षक त्या माणसाला ओळखतो, तो तिथं राहिलेला असतो. चुकीचं लिहिलं तर तो लगेच दुरुस्त करतो, की ही वीस नंबरची चाळ नव्हे, एकवीसची. हे मामा नव्हेत, त्यांचे थोरले भाऊ. जॉन्सनच्या ग्रंथाला मिळाला नाही तो वाचक हाच. नेटवर फोटो टाकण्याचा खरा लाभ मला यात दिसतो. हजार अनोळखी अंगठ्यांपेक्षा नाव दुरुस्त करणारा एक शेजारी जास्त मोलाचा.

याचं एक चांगलं उदाहरण मुंबईतच आहे. २०१० मध्ये छायाचित्रकार अनुषा यादव यांनी 'इंडियन मेमरी प्रोजेक्ट' सुरू केला. लोकांनी घरातले जुने फोटो पाठवायचे, पण नुसते फोटो नाहीत. त्यात कोण आहे, कधीचा, पुढे त्या माणसांचं काय झालं, हे लिहून. इन्स्टाग्राम त्याच वर्षी निघालं. एकीकडे फोटोचा ओघ सुरू झाला आणि दुसरीकडे एकेका फोटोला त्याचं कुटुंब परत देण्याचं काम. आपल्याला दोन्ही मिळालेलं आहे. आपण वापर बहुतेक पहिल्याचाच करतो.

नाव लिहिणं धोक्याचं कधी असतं

इथं एक अडचण सांगायला हवी, नाही तर हे लिखाण एकांगी होईल. नाव लिहिणं नेहमीच उपकार नसतो. २००२ च्या गुजरात दंगलीत हात जोडून, डोळ्यांत पाणी आणून उभ्या असलेल्या एका शिंप्याचा फोटो जगभर गेला. त्या फोटोनं दंगलीचं क्रौर्य जगाला दाखवलं, हे खरं. पण तो माणूस जिथं कामाला जाईल तिथं फोटो आधी पोचलेला असे. गाव बदललं, राज्य बदललं. पुढे राजकीय पक्षांनी तो फोटो प्रचारात वापरला, तेव्हा त्याला जाहीरपणे सांगावं लागलं की मला आता सोडा. त्याचं नाव मी इथं मुद्दाम लिहीत नाही. ज्याला विसरलं जायचं आहे, त्याचा तो हक्क मानला पाहिजे.

दुसरा धोका उलट बाजूचा. तणावाच्या दिवसांत कुठल्या तरी देशातला, कुठल्या तरी वर्षातला फोटो आपल्या शहराच्या नावानं फिरतो आणि खाली आपल्या समाजाचं नाव लिहिलेलं असतं. व्हॉट्सॲपवरून फोटो पाठवला की तो आकसतो आणि कॅमेऱ्यानं आत नोंदवलेली तारीख-जागेची माहिती बहुधा गळून पडते. म्हणजे जॉन्सनच्या कात्रीचं काम आता आपोआप होतं. माणूस एका जागेचा, देखावा दुसऱ्या जागेचा, मजकूर तिसऱ्याचा. नाव-गाव नसलेल्या फोटोवर कुणीही काहीही लिहू शकतो, आणि त्याची किंमत आपल्या वस्त्यांनी अनेकदा मोजली आहे.

म्हणून हौशी छायाचित्रकाराला मी तीनच गोष्टी सुचवेन. फोटो काढण्याआधी विचारा, आणि नेटवर टाकण्याआधी पुन्हा विचारा. या दोन वेगळ्या परवानग्या आहेत. माणूस हो म्हणाला तर त्याचं नाव, जागा आणि तारीख फोटोसोबत लिहा, त्याच्या तोंडून ऐकलेलं एखादं वाक्य लिहा. आणि मूळ फाइल जपून ठेवा, फॉरवर्ड झालेली नव्हे.

नायगावातच मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय आहे, १८९८ साली स्थापन झालेलं. जुनी मराठी पुस्तकं आणि मासिकं बघायला महाराष्ट्रभरातून अभ्यासक तिथं येतात. तिथून थोड्याच अंतरावर चाळी पाडल्या जात आहेत, १६० चौरस फुटांच्या जागी ५०० चौरस फुटांची घरं येत आहेत. ती यायलाच हवीत; सामाईक संडासाच्या रांगेत उभं न राहिलेल्या माणसानं त्याबद्दल हळहळू नये. पण शंभर वर्षं त्या खोल्यांत कोण राहिलं, याची चित्ररूप नोंद आज बरीचशी तिथल्या मुलांच्या मोबाइलमध्ये आहे. मोबाइल हरवतो, बिघडतो, विकला जातो. जुन्या खोलीचा फोटो तुमच्याकडे असेल तर त्यातल्या माणसांची नावं आजच लिहून ठेवा. आई-वडील, शेजारच्या काकू, खालच्या मजल्यावरचे चाचा अजून आहेत, तोवर त्यांना विचारता येईल.